ओलावा टिकत नाही, कात तुकड्यांत निघते: सापाच्या टँकमध्ये नेमकं कुठे चुकतं

सकाळी टँकमध्ये पाणी फवारलं की हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारा मीटर, ८५ टक्के दाखवतो. दुपारपर्यंत तो ५० वर येतो आणि संध्याकाळी ३५ वर. पुन्हा फवारणी, पुन्हा तेच चक्र. महिना-दीड महिन्याने साप कात टाकतो, तीही एकसंध निघत नाही. पाठीवर पातळ कागदासारखे तुकडे चिकटून राहतात, शेपटीच्या टोकाला कड्यासारखी जुनी कात बसते, कधी डोळ्यावरचा पापुद्राही तसाच राहतो. एखाद्या वेळी असं झालं तर काळजी नको. लागोपाठ होत असेल तर मात्र सापाला दोष न देता त्याच्या घराकडे बघायला हवं.

माझ्याकडे हे सलग तीन कातींना झालं. शेवरी ही माझी बॉल पायथन, म्हणजे लहान जातीच्या अजगराची मादी. तिचा टँक काचेचा, वर पूर्ण जाळीचं झाकण, त्या जाळीवर उष्णतेसाठी दिवा. घेताना मला तोच सगळ्यात योग्य म्हणून सांगितला होता. मी दिवसातून चार वेळा फवारणी करत होतो आणि मनापासून काळजी घेतोय असं समजत होतो. तिसऱ्या वेळी तिला हातावर घेतलं तेव्हा पाठीवर कातीच्या कोरड्या पट्ट्या होत्या, आणि पोट वर केलं तर तिथल्या रुंद खवल्यांच्या कडा तांबूस-तपकिरी पडलेल्या, दोन खवले किंचित फुगलेले. वर कोरडेपणाचा त्रास, खाली ओलीचा, आणि दोन्ही एकाच सापाला, एकाच दिवशी. सरीसृपांचे उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनी खवले कुजायला सुरुवात झाल्याचं सांगितलं. वेळेत नेलं म्हणून ती बरी झाली.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी तिला तिच्या बिळाच्या बरोबर उलटं घर दिलं होतं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. तो दिवसाचा बराच वेळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत आणि वारुळांत काढतो. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी बिळात हवा दमट आणि स्थिर असते, मातीचा खालचा थर ओलसर असतो आणि ज्यावर साप बसतो तो पृष्ठभाग चिंब नसतो. माझ्या टँकमध्ये पृष्ठभाग चिंब होता आणि हवा कोरडी. फवारणीने नेमकं एवढंच साधतं: वरचा सेंटिमीटरभर थर भिजतो, तासा-दोन तासांत ते पाणी वाफ होऊन झाकणातून निघून जातं. म्हणजे पाणी कमी पडत नव्हतं, ते थांबत नव्हतं. पुढे जे लिहिलंय ते सगळं ते पाणी थांबवण्यासाठी आहे.

आधी मोजमाप खरं आहे का ते बघा

काचेवर चिकटवायचे गोल, काट्याचे हायग्रोमीटर असतात, ते काढून टाका. त्यांच्यात १५-२० टक्क्यांची चूक सहज असते. तारेला सेन्सर असलेला डिजिटल मीटर घ्या, शक्यतो दोन घ्या, आणि ते कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारे असले तर उत्तम.

नवा मीटरही तपासूनच वापरा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यात थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखा लगदा करा. मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत किंवा डब्यात ठेवा आणि एका जागी दिवसभर राहू द्या. मिठाच्या अशा लगद्यावरची बंद हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मीटरने ६८ दाखवलं तर तो ७ टक्के कमी सांगतोय, एवढं मीटरच्या पाठीवर लिहून ठेवा. माझा पहिला मीटर ११ टक्के जास्त सांगत होता. कागदावर ६० दिसत असताना शेवरी ४९ मध्ये राहत होती.

दुसरा घोळ सेन्सरच्या जागेचा. आर्द्रता सापेक्ष असते, म्हणजे त्या तापमानाच्या हवेत जितकी वाफ मावू शकते तिच्या किती टक्के आहे ते मीटर सांगतो. गरम हवेत जास्त वाफ मावते. त्यामुळे २५ अंशांच्या थंड कोपऱ्यात ६० टक्के दिसणारी हीच हवा ३२ अंशांच्या गरम कोपऱ्यात जेमतेम ४० टक्के भरते. हवेतलं पाणी तेवढंच, आकडा वेगळा. एक जण ‘माझ्याकडे ६० आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘४० च्या वर जातच नाही’ म्हणतो, तेव्हा दोघांचे टँक सारखेच असू शकतात, फक्त सेन्सर वेगळ्या टोकाला असतात. एक सेन्सर गरम बाजूला आणि एक थंड बाजूला ठेवा, दोन्ही साप जिथे वावरतो त्या उंचीवर, म्हणजे तळाला अंथरलेल्या थराच्या अगदी वर. झाकणाजवळ टांगलेला किंवा पाण्याच्या भांड्याला खेटून ठेवलेला सेन्सर तुम्हाला फसवतो.

यातून एक गोष्ट आपोआप कळते: आर्द्रता कमी दिसली की आधी तापमान बघायचं. गरम बाजू ३६-३७ अंशांवर गेली असेल तर कितीही पाणी घाला, आकडा खालीच राहणार. बॉल पायथनला गरम बाजूची हवा ३१ ते ३३ आणि थंड बाजू २४ ते २७ पुरते. दिवा, सिरॅमिक हीटर, हीट मॅट, काहीही असो, ते थर्मोस्टॅटवरच, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला उष्णता आपोआप आवरणाऱ्या यंत्रावरच चालवा. याला अपवाद नाही. थर्मोस्टॅटशिवायच्या मॅटने भाजलेली पोटं मी बघितली आहेत आणि ती जखम भरायला महिने लागतात.

सात दिवसांची वही

काही बदलण्याआधी एक आठवडा नुसत्या नोंदी ठेवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना, दोन्ही टोकांचं तापमान आणि आर्द्रता. शिवाय कधी पाणी घातलं ते. कंटाळवाणं काम आहे, पण पाणी कुठून पळतंय ते इथेच सापडतं.

पाणी घातल्यावर दोन-तीन तासांत आकडा कोसळत असेल तर हवा वरून निसटतेय, झाकणाकडे बघा. दोन दिवस बरा राहून मग हळूहळू उतरत असेल तर थर पातळ आहे, साठाच कमी पडतोय. दिवा लागला की उतरतो आणि विझला की चढतो असं असेल तर उष्णतेचा प्रकार किंवा दिव्याची जागा चुकली आहे. रात्री काच धुरकट होते आणि दिवसा आकडा ४० वर येतो, असं असेल तर टँकची काच रात्री फार गार पडते. ते धुकं बघून ‘ओलावा भरपूर आहे’ असा समज करून घेऊ नका. मागची आणि बाजूची काच बाहेरून थर्माकोल किंवा फोमच्या शीटने झाकली की हा चढउतार बराच कमी होतो. आणि खोलीत एसी किंवा हीटर सुरू केल्यापासून त्रास वाढला असेल तर टँकमध्ये शोधत बसू नका. खोलीची हवाच कोरडी झाली आहे. अशा वेळी खोलीत ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) चालवणं चांगलं, त्याची नळी टँकमध्ये सोडू नका. टँकमध्ये सतत धुकं सोडलं की सगळं पृष्ठभागावर बसतं आणि पुन्हा तीच चिंब जमीन तयार होते.

माझ्या वहीत पहिला आणि तिसरा असे दोन्ही नमुने होते. दिवा जाळीवर ठेवलेला. खालची हवा तापून वर जाते, जाळीतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा आत येते. चुलीच्या धुराड्यासारखं दिवसभर चालू.

झाकण

जाळीचा ७० ते ८० टक्के भाग बंद करा. दिव्याखालची जागा आणि थंड बाजूला हाताच्या पंजाएवढी पट्टी उघडी ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते. मी जाळीच्या वरून अॅल्युमिनियम फॉइलचे दोन थर लावले. दिव्यापासून दूरच्या भागावर अॅक्रिलिकची शीटही चालते, दिव्याजवळ ती वाकते आणि वितळते. कापड किंवा पुठ्ठा दिव्याच्या आसपासही नको, आगीचा धोका असतो.

चिकटपट्टी लावायचीच असेल तर फक्त बाहेरून. टँकच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा एक तुकडाही नको. साप तिला चिकटला की सुटायला धडपडतो आणि खवले सोलून निघतात. कधी असं झालंच तर पट्टी ओढू नका, खाण्याचं तेल कडेने मुरवत राहा, ती हळूहळू सुटते.

एवढ्या एका बदलाने माझ्या टँकचा दुपारचा आकडा ३५ वरून ५२ वर आला, पाण्याचा एक थेंबही न वाढवता.

काही जण उत्साहाने सगळं झाकण बंद करतात. मग हवा कोंदट होते, आठवड्याभरात कोपऱ्यात पांढरी बुरशी धरते आणि दार उघडलं की कुबट वास येतो. असा वास आला तर फट वाढवा. नवा टँक घेणारच असाल तर समोरून उघडणारा, छत बंद असलेला आणि बाजूला हवेच्या फटी असलेला पीव्हीसीचा घ्या. त्यात उष्णता आणि ओलावा दोन्ही काचेच्या टँकपेक्षा खूप चांगले टिकतात. प्रौढ बॉल पायथनसाठी १२० × ६० × ६० सेंटिमीटर हे माप धरून चाला. पिल्लाला छोटा टँक चालतो. मोठा द्यायचा तर आत पाला, फांद्या आणि आडोसे भरपूर हवेत, नाहीतर ते बुजतं आणि खाणं सोडतं.

जमीन

हा भाग सर्वात महत्त्वाचा, कारण ओलावा साठतो तो इथे. वर्तमानपत्र किंवा पेपर टॉवेल नव्या सापाच्या विलगीकरणात ठीक आहे, पण त्यात पाणी साठत नाही. अॅस्पेन लाकडाचा भुसा कोरड्या हवेत राहणाऱ्या सापांना चालतो, ओला झाला की बुरशी धरतो. देवदाराचा भुसा कुठल्याच सापाला नको, त्यातली तेलं सापाला बाधतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, त्यात तिसरा हिस्सा कोकोपीट, हे मिश्रण मला सगळ्यात चांगलं मानवलं. निव्वळ कोकोपीट वाळलं की धूळ उडते आणि ओलं असलं की खवल्यांना चिकटतं. तुकडे मिसळले की दोन्ही टळतं.

थर ८ ते १० सेंटिमीटर जाड हवा. दोन-तीन सेंटिमीटरचा थर म्हणजे पाणी ठेवायला जागाच नाही.

मिश्रण टँकमध्ये भरण्याआधी बादलीत ओलं करा. मूठभर घेऊन घट्ट दाबा. गोळा झाला आणि बोटांमधून पाणी टपकलं नाही तर बरोबर. टपकलं तर थोडं पसरून वाळू द्या. मग टँकमध्ये घाला आणि वर दोन सेंटिमीटर कोरडे तुकडे पसरा. यानंतर पाणी द्यायचं ते फवारून नाही, कोपऱ्यात ओतून. चारही कोपऱ्यांत काचेच्या कडेने सावकाश ओता, म्हणजे ते तळाशी उतरतं, वरचा थर कोरडा राहतो आणि खालून वाफ दिवसरात्र हळूहळू वर येत राहते. माझ्या १२० × ६० च्या तळाला दहा-बारा दिवसांनी साधारण एक लिटर लागतं. तुमचं प्रमाण तुमची वही सांगेल. बोट थरात खुपसून बघा: वरचं पेर कोरडं, खालची दोन पेरं गार आणि ओलसर लागली पाहिजेत. तळाला पाण्याचं डबकं दिसलं तर जास्त झालं. काचेच्या टँकमध्ये ते बाजूने दिसतं.

जाड थराखाली हीट मॅट ठेवू नका. उष्णता वर येत नाही, खाली कोंडते, आणि साप उकरत खाली गेला तर भाजतो. जाड थर असला की उष्णता वरून द्यायची. दिवा आत बसवला असेल तर त्याला जाळीचं संरक्षण हवंच.

दमट बीळ

सगळा टँक ७० टक्क्यांवर ठेवण्याचा अट्टहास करू नका. बॉल पायथनला एरवी ६० च्या आसपास पुरतं, कात टाकायच्या दिवसांत ७० किंवा थोडं वर. त्यासाठी एकच जागा दमट करता येते. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, साप वेटोळं घालून जेमतेम मावेल एवढा. बाजूला गोल भोक पाडा, कडा घासून किंवा मेणबत्तीवर किंचित गरम करून गुळगुळीत करा. आत पिळून काढलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ भरा. गरम आणि थंड बाजूच्या मधोमध, थोडा गरम बाजूकडे ठेवा. दोन नेहमीचे आडोसे, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, ते वेगळे आणि कोरडेच राहू द्यात. सापाला कधी ओलं हवं आणि कधी कोरडं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं, आपण दोन्ही जागा उपलब्ध ठेवायच्या. मॉस आठवड्याला धुवा, वास येऊ लागलं की फेकून द्या.

शेवरीचे डोळे दुधाळ निळसर झाले की ती स्वतःहून त्या डब्यात जाते. तीन-चार दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, बरेच जण इथे फसतात, ‘कात टाकायचं टळलं’ समजून डबा काढून घेतात. खरं तर कात त्यानंतर चार ते सात दिवसांनी निघते, आणि ओलावा सगळ्यात जास्त याच दिवसांत लागतो. या काळात तिला हाताळू नका, खायला देण्याचीही घाई नको.

अडकलेली कात

ओढायची नाही. खाली नवी त्वचा कोवळी असते, ओढली की तीही निघते. हवेसाठी भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल ठेवा, पाणी २८ ते ३० अंशांचं, आपल्या हाताला जेमतेम कोमट लागेल इतकं. साप त्यात वीस-तीस मिनिटं राहू द्या, डब्याजवळून हलू नका. मग ओला टॉवेल सैल हाताने धरून त्याला त्यातून सरकू द्या. कात टॉवेलच्या घर्षणाने सुटते, तुमच्या बोटांनी नाही. एका दिवसात नाही निघाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. पाण्यात बुडवून ठेवण्यापेक्षा हे सुरक्षित आहे, थकलेला साप पाण्यात घाबरतो आणि बुडूही शकतो.

शेपटीच्या टोकाचं कडं दुर्लक्षित करू नका. दोन-तीन कातींची कडी एकावर एक बसली की रक्तपुरवठा आवळला जातो आणि टोक काळं पडून झडतं. डोळ्यावरच्या पापुद्र्याला मात्र चिमटा, कापूस, नख, काहीही लावू नका. सापाला पापणी नसते, त्या पापुद्र्याखाली डोळ्याला झाकणारा पारदर्शक खवलाच असतो आणि तो सोलला गेला तर डोळा जातो. ओलावा सुधारा, पुढच्या कातीची वाट बघा. पुढच्या वेळीही तो निघाला नाही तर पशुवैद्य.

ओलावा बरोबर असूनही कात अडकते तेव्हा

पाण्याच्या भांड्याच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके बघा. हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेलाही बघा. सापावर पांढरा पेपर टॉवेल फिरवला आणि त्यावर हलणारे ठिपके आले तर गोचिडासारखे माइट्स आहेत, आणि कितीही ओलावा दिला तरी कात नीट निघणार नाही. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहतो हेही एक लक्षण. ते अति उष्णतेचंही असतं, म्हणून तापमान आधी तपासा. जुन्या जखमेच्या व्रणावरही कात दर वेळी अडकते, तिथे फक्त त्या जागेकडे लक्ष ठेवायचं.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासाबरोबर शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज, नाकातोंडाशी फेस, पोटावर लाल किंवा फुगलेले खवले, यातलं एकही दिसलं तर टँकचे प्रयोग थांबवा आणि त्याच दिवशी सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे न्या.

वरचे आकडे बॉल पायथनचे आहेत. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के भरपूर होतात आणि गरम बाजू २९-३० अंश पुरते. त्याला शेवरीसारखं ठेवलं तर पोटावरच्या खवल्यांचा त्रास आधी सुरू होईल. सँड बोआ कोरड्यातला, त्याला एक छोटा ओलसर कोपरा पुरे. ब्राझिलियन रेनबो बोआला मात्र ८० च्या आसपास लागतं, तिथे जाळीचं झाकण विसरूनच जा. थर, झाकण आणि दमट डबा ही रचना सगळीकडे तीच, पाण्याचं प्रमाण बदलतं.

कात निघाली की फेकण्याआधी ती ओल्या फडक्यावर पसरून बघा. ती मोज्यासारखी उलटी होऊन निघालेली असते आणि सापापेक्षा लांब भरते. डोक्याच्या भागात दोन गोल, काचेसारखे पारदर्शक पापुद्रे शोधा, मग शेवटचं निमुळतं टोक. बदल केल्यानंतरच्या पहिल्या कातीत शेवरीच्या डाव्या डोळ्याचा पापुद्रा निघाला नव्हता. दुसऱ्या कातीत तो निघाला, दोन पापुद्रे एकमेकांना चिकटलेले, बोटाला जाडसर लागणारे.